मदत हवी आहे: कोकणातल्या सड्यांच्या फोटोंच्या प्रिंट विकून पूर्णवेळ जगायचं आहे, सुरुवात कुठून करू?

सडेफिरस्ता

नमस्कार मंडळी,

मुक्काम रत्नागिरी. पावसाळ्यातल्या कातळसड्यांची (जांभ्या दगडाच्या उघड्या, सपाट पठारांची) फोटोमालिका तयार आहे: ओला जांभा, त्यावरचं गवत, साठलेल्या पाण्यातलं आभाळ. निवडून चाळीसेक फोटो उरलेत. लग्नं आणि प्रॉडक्ट शूट करायची नाहीत. भिंतीवर लावता येतील अशा प्रिंट विकायच्या आणि हळूहळू त्यावरच घर चालवायचं, असं ठरवलं आहे. कॅमेरा २४ मेगापिक्सेल, सगळं रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये). वर्षभराच्या घरखर्चाची सोय आहे.

१. स्वतःचा प्रिंटर घ्यावा की लॅबकडून काढून घ्यावं? कागद कोणता?
२. किंमत कशी ठरवायची? लिमिटेड एडिशन नक्की कशी करतात?
३. प्रदर्शन कुठे करायचं?
४. कॉपीराइट आणि जीएसटीचं काय?

जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

मॅट_पेपर

प्रिंटर आत्ता घेऊ नका. १७ इंची पिगमेंट प्रिंटर (रंगाच्या बारीक कणांची शाई वापरणारा) आठवडाभर बंद राहिला की शाई सोडणारं हेड चोंदायला लागतं, आणि ते साफ करण्यात जी शाई जाते तिचे पैसे कुठल्याच प्रिंटमधून निघत नाहीत. आठवड्याला चार-पाच मोठ्या प्रिंट निघायला लागल्या की मग विचार करा. त्यात रत्नागिरीची हवा. उघडा राहिलेला कागद दमट होतो, कडा उचलल्या जातात आणि हेड कागदावर घासतं.

लॅब निवडताना चार गोष्टी विचारा: शाई पिगमेंट आहे की डाय (विरघळलेल्या रंगाची), कागदाचं नेमकं नाव काय, त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतील हे सांगणारी फाइल) मिळेल का, आणि फाइलला हात न लावता छापणार का. शेवटचं लिहून घ्या. बऱ्याच ठिकाणी ऑपरेटर आपल्या मनाने कॉन्ट्रास्ट वाढवतो. कागदाचं नाव न सांगता नुसतं 'आर्काइव्हल आहे', म्हणजे वर्षानुवर्षं टिकेल, असं म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

आकाराचं गणित: ६०००×४००० पिक्सेलची फाइल ३०० पीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) २०×१३.३ इंच भरते. १६×२४ इंचाला २५० पीपीआय मिळतात, अगदी चांगले. २४×३६ ला १६७ च उरतात. ढग आणि पाणी त्यात निभावतं, पण जांभ्याची भोकं आणि गवताची पाती बघायला माणूस जवळ येतोच, आणि तिथे मऊपणा दिसतो. तेव्हा सर्वात मोठा आकार १६×२४ किंवा फार तर २०×३० ठेवा.

आता कागद. तुमच्या विषयात दोन अडचणी आहेत, दोन्ही आधीच लक्षात घ्या.

पहिली, ओल्या कातळाचा काळा. हानेम्यूले फोटो रॅगसारख्या ३०८ जीएसएम (दर चौरस मीटरला ३०८ ग्रॅम) सुती मॅट कागदावर काळ्याची घनता साधारण १.६ ते १.७ पर्यंत जाते, बरायटा कागदावर (किंचित चमकदार थराच्या) २.२ च्या वर; आकडा जितका मोठा तितका काळा खोल. म्हणजे स्क्रीनवर ओलसर, खोल दिसणारा दगड मॅटवर कोरडा, राखी होतो. ज्या फोटोंचा जीव ओल्या दगडात आहे ते बरायटावर काढा, धुक्याचे आणि मऊ उजेडाचे मॅटवर. पण एकाच मालिकेत दोन कागद शेजारी लावले की फरक खुपतो. म्हणून मालिकेची विभागणीच कागदानुसार करा.

दुसरी, पावसाळी गवताचा पोपटी हिरवा. तो सुती मॅटच्या रंगक्षेत्राबाहेर (त्या कागदावर उतरू शकणाऱ्या रंगांबाहेर) जातो. प्रिंटमध्ये पाती वेगळी न दिसता सपाट हिरवा डाग पडतो. सॉफ्ट प्रूफमध्ये (प्रिंट कशी येईल ते पडद्यावर दाखवणारी सोय) गॅमट वॉर्निंग (कागदावर न उतरणारे रंग दाखवणारी खूण) लावून बघा. पिवळा आणि हिरवा या दोन्हींचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) थोडं उतरवा, ल्युमिनन्स (उजळपणा) किंचित कमी करा, पाती परत येतात. अख्ख्या फोटोचं सॅच्युरेशन उतरवू नका, जांभ्याचा लाल त्यात मरतो.

लॅबला द्यायची फाइल १६ बिट टिफ, रंगांसाठी अॅडोबी आरजीबी. शार्पनिंग (कडा धारदार करणं) अंतिम आकारावर, शेवटी. आणि सुती कागदाची लव सुटते. छापण्याआधी मऊ ब्रशने कागद झटकलाय ना ते लॅबला विचारा. लव शाईखाली राहिली आणि नंतर पडली की गडद भागात पांढरा ठिपका उरतो, तो कशानेही जात नाही.

---

सडेफिरस्ता

फारच उपयोगी. चाचणीसाठी ए४ प्रिंट काढून आणल्या. लॅपटॉपवर उजळ दिसणारं सगळं कागदावर गडद आलंय. लॅबचा दोष म्हणायचा का?

---

मॅट_पेपर

बहुधा नाही. लॅपटॉपचा पडदा प्रकाश फेकतो, कागद खोलीतला उजेडच परत देतो. पूर्ण ब्राइटनेसवर एडिट केलं की प्रिंट गडद येणारच. कॅलिब्रेटर (पडद्याचा उजेड आणि रंग मोजून नीट लावणारं यंत्र) घ्या, प्रिंटर घेण्यापेक्षा हा खर्च कितीतरी आधीचा. ब्राइटनेस ८० ते १०० कँडेला प्रति चौरस मीटर, व्हाइट पॉइंट (पडद्यावरच्या पांढऱ्याची छटा) डी६५. खोलीत उन्हाची तिरीप स्क्रीनवर पडत असेल तर कॅलिब्रेशनचा उपयोग नाही.

मग चाचणीची पट्टी काढा. त्याच फोटोतला सावलीचा एक तुकडा घ्या, ए४ वर चार वेळा लावा, एक्स्पोजर ०, +०.१५, +०.३०, +०.४५. खाली आकडे लिहा. प्रिंट वाळू द्या आणि दिवसाउजेडी खिडकीशी, उन्हात न धरता, बघा. नंतर संध्याकाळी घरातल्या पिवळसर दिव्याखालीही बघा, कारण घेणाऱ्याच्या दिवाणखान्यात तोच दिवा असतो. दोन्ही ठिकाणी जो तुकडा चालेल तो आकडा त्या कागदासाठी धरा. कागद बदलला की पट्टी पुन्हा.

---

चौकट

प्रिंटवर सगळे बोलतात, फ्रेमवर कोणी नाही, आणि कोकणात माल फ्रेममध्येच खराब होतो. थोडं सविस्तर लिहितो.

प्रिंट काढल्यावर निदान २४ तास मोकळ्यावर, वर साधा कागद ठेवून वाळवा. घाईने काचेखाली घातली तर शाईतले द्रव उडून काचेच्या आतल्या बाजूला धूसर थर बसतो. गिऱ्हाईक त्याला बुरशी समजतं.

प्रिंट काचेला कधीही टेकता कामा नये. दमट हवेत बरायटाचा थर काचेला चिकटतो आणि सोडवताना निघून येतो. मध्ये विंडो माउंट (खिडकीसारखा मधला भाग कापलेला बोर्ड) हवंच, आम्लमुक्त बोर्डाचं. ४ प्लाय म्हणजे साधारण दीड मिलिमीटर. मोठ्या प्रिंटला ८ प्लाय घ्या, कारण मोठा कागद पावसाळ्यात फुगतो आणि मधोमध पुढे येतो.

प्रिंट चारही बाजूंनी चिकटवू नका. वरच्या कडेला फक्त दोन बिजागऱ्या, जपानी कागद आणि गव्हाच्या खळीच्या. कागदाला खाली वाढायला जागा राहते, लाटा पडत नाहीत. सेलोटेप आणि दुहेरी टेप पूर्ण वर्ज्य, काही वर्षांत पिवळा डाग पुढपर्यंत येतो.

पाठीमागे नेहमीचे फ्रेमवाले एमडीएफ किंवा हार्डबोर्ड लावतात. त्यातून आम्ल सुटतं आणि एमडीएफ पाणी शोषून फुगतं. आम्लमुक्त फोमबोर्ड मागा, नसेल तर बोर्ड स्वतः नेऊन द्या. मागची फट कागदी टेपने बंद करा म्हणजे कसर आत जात नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावा. भिंत आणि फ्रेममध्ये वारा खेळला पाहिजे, नाहीतर ओल धरलेल्या बाहेरच्या भिंतीवरून बुरशी थेट पाठीवर येते.

कुरियरने पाठवायचं असेल तर काचेऐवजी अॅक्रिलिक. त्याहून बरं म्हणजे फ्रेमशिवाय प्रिंट गुंडाळून पाठवणं: नळीचा व्यास निदान ४ इंच, आत आम्लमुक्त पातळ कागद, प्लास्टिकची पिशवी, छापील बाजू आत.

---

मुक्कामपोस्ट

किंमत आणि एडिशनबद्दल.

लिमिटेड एडिशन म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला शब्द. १० म्हटलं की १०. अकरावी प्रिंट त्याच आकारात कधीच नाही, मागणी कितीही आली तरी. म्हणून आधी ठरवा: एका फोटोचे आकार दोनच, समजा १२×१८ च्या १५ प्रती आणि १६×२४ च्या १०, शिवाय आर्टिस्ट प्रूफ (कलाकाराच्या स्वतःच्या, क्रमांकाबाहेरच्या प्रती) २. नंतर तिसरा आकार काढून नवी एडिशन करणं कायद्याने अडत नसेलही, पण पहिल्या दहा जणांचा विश्वास जातो आणि ते गॅलरीला कळतंच.

वही ठेवा. प्रत्येक प्रतीची ओळ: फोटोचं नाव, टिपल्याचं वर्ष, छापल्याची तारीख, कागद, शाई, आकार, क्रमांक, कोणाला, किती रुपयांना. प्रमाणपत्रावर किंमत सोडून हेच सगळं येतं. सही आणि ३/१० असा क्रमांक पांढऱ्या कडेवर, मॅटवर पेन्सिलने, बरायटावर पिगमेंट पेनने. खराब झालेली प्रिंट फाडा, 'सेकंड' म्हणून स्वस्तात देऊ नका.

किंमत खर्चाकडून वर मोजा, मग गॅलरीचा वाटा लावून बघा. व्यावसायिक गॅलरी साधारण निम्मं घेते. नमुन्यादाखल आकडे धरू, १६×२४ साठी: छपाई २,५००, फ्रेम ४,०००, पॅकिंग-वाहतूक १,५००, एकूण ८,०००. फ्रेमसह २०,००० ला विकली तर गॅलरीचे १०,००० जाऊन तुमच्या हाती २,००० उरतात. तीच प्रिंट फ्रेमशिवाय २०,००० ठेवली, फ्रेमचे ४,००० वेगळे लावले आणि फ्रेमवर कमिशन नाही असं आधीच ठरवलं, तर ६,००० उरतात. करारातली ही एक ओळ सगळ्यात महत्त्वाची.

एडिशन विकली जाईल तशी किंमत चढवा. पहिल्या ३ प्रती २०,०००, पुढच्या ४ प्रती २६,०००, शेवटच्या ३ प्रती ३५,०००. दहाच्या दहा गेल्या तरी त्या आकारातून एकूण २,६९,००० च येतात, तेही खर्च आणि कमिशन वजा न करता. आता घराच्या वार्षिक खर्चाशी ताडून पाहा. किती फोटोंच्या किती प्रती जायला हव्यात ते समोर येईल आणि एक वर्षाची शिल्लक पुरणार नाही हेही दिसेल. निदान दोन वर्षांची सोय करा.

गॅलरीत २०,००० आणि इन्स्टाग्रामवर ओळखीत १२,००० असं कधीही करू नका. सवलत द्यायचीच तर दोन प्रिंट घेणाऱ्याला १० टक्के, सगळीकडे सारखी.

चाळीस फोटो फार झाले. ४×६ च्या स्वस्त प्रिंट काढा, जमिनीवर मांडा, आठवडाभर हलवत राहा. १५ ते १८ वर या. त्यासोबत दीडशे-दोनशे शब्दांचं टिपण, इंग्रजी आणि मराठीत. 'निसर्गाची किमया' वगैरे नको. सडा म्हणजे काय, चार महिन्यांत त्याचं काय होतं आणि तुम्ही नेमकं काय बघताय, एवढंच.

प्रदर्शनाबद्दल थोडक्यात. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासूनची, तिथल्या मुख्य दालनांसाठी फार मोठी रांग असते. अर्ज करून ठेवा, पण त्यावर विसंबू नका. जहांगीरचीच टेरेस गॅलरी आणि मुंबईतल्याच एनसीपीए या कलासंस्थेची पिरामल गॅलरी फोटोग्राफीसाठी ओळखल्या जातात. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन आणि घोले रोडचं राजा रवि वर्मा कलादालन. पणजीत डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो, तुम्हाला जवळ. निदान तिथे प्रिंट कशा मांडतात ते बघून या. भाड्याच्या दालनात भाडं, प्रिंट, फ्रेम, वाहतूक, मुक्काम सगळं तुमचं, म्हणून पहिलं प्रदर्शन १२ फ्रेमच्या वर नेऊ नका. टांगताना प्रत्येक प्रिंटचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर.

---

स्वल्पविराम

चौथा प्रश्न. फोटो टिपला की कॉपीराइट तुमचाच, नोंदणी सक्तीची नाही. वाद झाला तर पुरावा म्हणून कामी येते, आणि मूळ रॉ फाइलही तितकीच कामी येते. मुदत तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. प्रिंट विकली म्हणून हक्क जात नाही, बिलावर तसं एका ओळीत छापा.

मात्र कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला, तर १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, उलट करार नसेल तर पहिला मालक तो गिऱ्हाईक. रिसॉर्टवाले 'आमच्या सड्याचे काढून द्या' म्हणतील तेव्हा आधी कागद करा.

जीएसटी: प्रिंट हा माल. राज्यातल्या राज्यात माल विकताना महाराष्ट्रात ४० लाख उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण बंगळूरच्या गिऱ्हाइकाला तुम्ही थेट एक जरी प्रिंट विकली तरी उलाढाल न बघता नोंदणी लागू होते. सेवा मिसळल्या तर मर्यादा बदलते, म्हणून पहिल्या परराज्यातल्या विक्रीआधी सीएकडे जा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची) सरकारी पोर्टलवर फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका.

घरखर्चासाठी एक जोडकाम सुचवतो, तुमच्या कौशल्याला धरून: चित्रकारांच्या चित्रांचे फोटो काढून देणं. सावर्ड्याला कलामहाविद्यालय आहे, कोल्हापूर जवळ आहे. कॅटलॉगसाठी, स्पर्धेसाठी सगळ्यांना लागतात. दोन सारखे दिवे ४५ अंशांवर, दोन्हींवर पोलरायझर (चमक गाळणारी) फिल्म, लेन्सवर पोलरायझर आडवा फिरवून तैलरंगाची चमक घालवायची. १०० मिमी मॅक्रो लेन्स, एफ/८, कॅमेरा चित्राला बरोबर समांतर, पहिल्या फ्रेममध्ये कलर चार्ट.

---

सडेफिरस्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. एक ताजा प्रश्न. एका हॉटेलने सहा फोटोंच्या फाइली मागितल्या आहेत, बारा खोल्यांसाठी प्रिंट ते स्वतः काढणार. एकरकमी पैसे देतायत. द्याव्या का?

---

मुक्कामपोस्ट

फाइल देऊ नका. कुठल्या कागदावर, कशा रंगात निघेल यावर तुमचा ताबा राहत नाही, आणि खाली नाव मात्र तुमचं. बारा प्रिंट तुम्हीच काढून, फ्रेम करून द्या आणि तसा दर सांगा. एडिशनमधले फोटो यात घालू नका. गाळलेल्या बावीस-पंचवीसमधून सहा निवडा, त्यांना क्रमांक न देता ओपन एडिशन (प्रतींची मर्यादा नसलेली) म्हणून द्या, दर अर्थातच कमी. त्यांना पुन्हा लागल्या तर तुमच्याकडूनच घ्याव्या लागतील.

---

स्वल्पविराम

आणि त्यांनी फाइलचाच आग्रह धरला तर लेखी परवाना (फक्त वापरायची परवानगी) द्या, हस्तांतरण (हक्कच देऊन टाकणं) नव्हे. त्यात पाच गोष्टी: कोणते फोटो, किती प्रती आणि कमाल आकार, फक्त त्याच हॉटेलच्या आतल्या भिंतींसाठी, किती वर्षं, आणि जाहिरात-वेबसाइट-कॅलेंडरसाठी वेगळा दर. मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका, कारण हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश घातला नाही तर संपूर्ण भारत. फाइल द्याल ती त्याच आकाराची, पूर्ण ६००० पिक्सेलची नाही. १२×१८ इंचाला ३६००×२४०० पुरते.