कथकच्या क्लासची बॅग: पावसाळ्यात चाळ (पायात बांधायच्या घुंगरांच्या माळा) कसे न्यायचे?

राजारामपुरीकर: मुलगी नऊ वर्षांची, कथकच्या प्रारंभिक परीक्षेची तयारी चालू आहे. शाळा सुटली की तशीच केएमटीच्या बसने क्लासला जाते, त्यामुळे दप्तर आणि क्लासचं सामान एकाच सॅकमध्ये कोंबलेलं असतं. एकेका पायाला ५० घुंगरं आहेत. दोन्ही दोऱ्या एकमेकींत अडकतात आणि सोडवेपर्यंत तत्कार (तालावरचं पायांचं काम) सुरू झालेला असतो. त्यात पाऊस लागल्यापासून दोरी दमट, कुबट वास आणि पितळेवर हिरवट डाग. पितांबरीत बुडवून काढले तर चालतील का? काय कशात ठेवायचं, जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

तिहाई: पितांबरी नको, चिंचही नको. आंबट पाणी दोरीत मुरतं, नीट निघत नाही आणि दोरी आतून कुजते. घुंगराच्या आतली गोळी बऱ्याचदा लोखंडी असते. ती गंजली की आवाज बसतो, मग बाहेरून कितीही चकाकू दे.

पितळ कळकतं ते घामातल्या खारटपणानं आणि ओलीनं. म्हणून क्लास सुटल्यावर लगेच कोरड्या सुती फडक्यानं पुसा, आणि घरी आल्या आल्या पिशवीतून काढून रात्रभर पंख्याखाली टांगा. कोल्हापूरच्या जुलैत पिशवीत राहिलेली दोरी दुसऱ्या दिवशीही ओलीच सापडते.

गुंत्याचं म्हणाल तर दोन पायांना दोन पिशव्या. चाळ मधोमध धरून दुहेरी करायचा, घुंगरं एका बाजूला लोंबू द्यायची, मोकळ्या टोकांचे वरून दोन वेढे आणि सुरगाठ. निरगाठ मारलीत तर ओली झाल्यावर ती सुटायची नाही. पिशवी जुन्या सुती साडीची, नाडीची, वीतभर रुंद पुरे. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. उजव्या पायाच्या पिशवीला लाल दोरा टाचून ठेवा, पोरीला शोधावं लागत नाही.

साधीपट्टी: चाळांच्या खाली बांधायच्या पट्ट्या विसरू नका. मऊ सुती कापड, चार बोटं रुंद, घोट्याभोवती तीन-चार वेढे बसतील इतकं लांब. घोटा सोलवटत नाही, आणि घाम पट्टीत जिरल्यामुळे दोरीही कमी भिजते. पट्ट्यांचे दोन जोड करा, एक धुण्यात, एक बॅगेत. दोरी रोज धुता येत नाही, पट्टी येते.

ओढणीच्या सेफ्टी पिना छोट्या डबीत टाका, चार पुरेत. सुट्या राहिल्या तर गंजतात आणि ओढणीवर पडलेला गंजाचा डाग जात नाही.

रंकाळा_वारा: एवढं कशाला ओ, चाळ क्लासमध्येच ठेवायचे की!

तिहाई: मग घरच्या रियाजाला काय बांधणार? शिवाय बंद कपाटात पावसाळाभर तीच ओल. दुसरा जोड घेणं परवडत असेल तर गोष्ट वेगळी.

वजनकाटा: वजनाचं कुणीच बोललं नाही. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत दप्तर असं धरलंय. पोरगी २६ किलोची असेल तर २.६ किलो झाले, आणि तेवढं नुसत्या पुस्तकांनीच भरतं. घुंगरांच्या आकारावर आहे, पण १०० घुंगरं म्हणजे किलोच्या आसपास जातात. घरच्या काट्यावर एकदा ठेवून बघा. क्लासच्या दिवशी शाळेत कुठली पुस्तकं नकोत ते आदल्या रात्रीच काढा. चाळ सॅकच्या तळाशी, पाठीला लागून. पुढच्या कप्प्यात टाकले की सॅक मागं ओढते आणि पोरगी पुढं वाकून चालते.

पाण्याची बाटली बाहेरच्या जाळीतच. नाचाचे बोल लिहायची वही प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि लिहायचं पेन्सिलीनं. शाई भिजली की तोड्यातली (छोट्या नृत्यरचनेतली) सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठं होती तेच कळत नाही.

राजारामपुरीकर: पट्ट्या आजच फाडते. खायला काय द्यायचं, शाळा सुटल्यावर की क्लासनंतर?

साधीपट्टी: क्लासच्या तासभर आधी केळं किंवा गूळ-शेंगदाण्याचा लाडू. पोळी-भाजी घरी आल्यावर, पोट भरलेलं असताना गिरक्या घेतल्या की मळमळतं. डबा मात्र चाळांच्या कप्प्यात नको.