आंग्र्यांचं आरमार आणि लव्हस्टोरी: भाचीसाठी कादंबरी लिहायला घेतली आणि अडकले

दांडियाबाजारची_मावशी

नमस्कार मंडळी, थोडी मदत पाहिजे. भाची चौदा वर्षांची, इंग्लिश मिडियम, सध्या जहाजं, चाचे आणि जुन्या काळातलं प्रेमप्रकरण असल्या जाडजूड इंग्रजी पुस्तकांचा फडशा पाडतेय. मी म्हटलं अगं आपलं पण आरमार होतं की, तर म्हणे मग दे ना मराठीत असलं काही. शोधलं. किल्ले, घोडे, तलवारी पोत्याने मिळाल्या पण नायक पाय ओले करायला तयार नाही. शेवटी मीच लिहायला बसले.

काळ १७५५-५६, जागा विजयदुर्ग, तुळाजी आंग्र्यांचं आरमार. नायक सतरा वर्षांचा, तोफेवरचा पोऱ्या. नायिका पंधराची, किल्ल्यावरच्या कारकुनाची मुलगी. तीन प्रकरणं झाली ती वडोदऱ्यात घरी बसूनच लिहिली, समुद्र म्हणाल तर लहानपणी एकदा दमणला बघितलेला. भाचीला वाचून दाखवली तर दुसऱ्या प्रकरणात तिने मोबाईल उचलला, आणि शेवटी एकच प्रश्न, "मावशी, तेव्हा पंधराव्या वर्षी मुलीचं लग्न झालेलं असायचं ने? मग ही एकटी बुरुजावर काय करतेय?" 

ह्याला काय उत्तर देणार. लग्नाचं सोडून दिलं तर खोटं, धरलं तर लव्हस्टोरी कुठून आणू? आणि समुद्राचं काही चुकलं असेल तर तेही सांगा. सुरुवात अशी आहे: "आषाढातली काळोखी रात्र. वादळात गुराब हेलकावे खात होती आणि कॅप्टनने गरकन चाक फिरवलं."

रिटायर्ड_दर्यावर्दी

मावशी, रागावू नका पण तुमची गुराब पहिल्याच ओळीत बुडाली.

आषाढात कुठलं आरमार बाहेर काढता? जून लागला की दर्या बंद, तो उघडतो नारळी पौर्णिमेला, आजही कोळी तेच पाळतात. तेव्हा तर पावसाळ्यात सगळी गलबतं खाडीत ओढून घ्यायची, तळ घासायचा, फटींत कापूस-तेल ठासायचं. विजयदुर्गाला लागून वाघोटणची खाडी आहे, तिथे गिर्ये गावाजवळ आंग्र्यांच्या काळातली गोदी अजून बघता येते. आणि आता गंमत बघा, म्हणजे तीनेक महिने सगळी तरणी पोरं जमिनीवर, गावात, पावसात अडकलेली. तुमचं प्रेमप्रकरण तिथे घाला की! बुरुजावर कशाला, गोदीत डांबराच्या वासात. मग नारळ पडला पाण्यात की जहाजं बाहेर आणि ताटातूट आपोआप.

दुसरं, चाक काढा, सुकाणूचा दांडा ठेवा. कॅप्टन पण काढा, तांडेल किंवा सारंग म्हणा. तिसरं, लढाई वादळात नको. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांची, पुढे लांब टोकदार नाळ आणि त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबतं लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज जागच्या जागी लाकडाच्या ओंडक्यासारखं उभं, शिडं लोंबतायत. तेव्हा गलबतं वल्हवत गुराबेला दोराने ओढत न्यायची, थेट शत्रूच्या पिछाडीला, कारण त्याच्या सगळ्या तोफा दोन्ही कुशींना. म्हणजे समुद्र आरशासारखा, ऊन तापलंय, कोणी बोलत नाही, फक्त वल्ह्यांचा आवाज येतोय. मी चौतीस वर्षं जहाजावर काढली, वादळापेक्षा असल्या शांत पाण्यात पोटात जास्त गोळा येतो.

डभोईचा_वाचक

वरचं सगळं मान्य. मी इतिहासाचं बोलतो.

१७५६ निवडलंत ते झकास, पण सरळ "आपले विरुद्ध इंग्रज" करू नका. विजयदुर्ग फेब्रुवारी १७५६ मध्ये पडला तो इंग्रज आरमाराच्या वॉटसनच्या तोफांनी, त्यांचाच क्लाइव्ह जमिनीवरून होता, आणि पेशव्यांचं सैन्य इंग्रजांच्याच बाजूने उभं होतं कारण तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता. आंग्र्यांनी आधी इंग्रजांचं एक जहाज पकडून आणलं होतं, रिस्टोरेशन नावाचं, ते बंदरातच होतं. त्यावर तोफगोळा पडून आग लागली आणि ती बाकीच्या जहाजांवर पसरून अख्खं आरमार जळालं. म्हणजे लुटून आणलेल्या जहाजानेच घर जाळलं, कादंबरीकाराने मनाने रचलं असतं तर आपण म्हटलं असतं फारच फिल्मी. तुळाजीचा उरलेला जन्म कैदेत गेला.

आणि "चाचे" शब्द जपून. इंग्रज त्यांना तेच म्हणायचे पण तुळाजीचे वडील कान्होजी, त्यांना सरखेल म्हणजे आरमारप्रमुख ही पदवी छत्रपतींची, त्यांच्या पाण्यातून जायचं तर दस्तक म्हणजे परवाना घ्या, नाहीतर जहाज पकडणार. पोरांना ही भानगड दाखवा, तीच तर मजा आहे. आमच्याच गावाजवळ १७३१ ला मराठेच मराठ्यांशी लढले आणि सेनापती दाभाडे पडले, तेव्हा कोण आपला कोण परका हा घोळ आम्हाला घरचाच.

आता लग्न. ते टाळू नका, त्याचीच गोष्ट करा. मुलीला कारकुनाच्या घरातून काढा आणि गाबीत नाहीतर भंडारी अशा किनाऱ्यावरच्या जातीच्या घरी टाका, आरमारावर ही माणसं भरपूर होती आणि त्यांच्या बायका बाजारात, किनाऱ्यावर हिंडायच्या, चार माणसांशी बोलायच्या. तिचं लग्न आठव्या वर्षी झालंय. नवरा बाराव्या वर्षी जहाजावर गेला तो आलाच नाही, जहाज पकडलं गेलं, मेला की जिवंत पत्ता नाही. म्हणजे ती धड सवाष्ण नाही की धड विधवा नाही. ह्या जातींत पाट लावायची, म्हणजे बाईचं दुसरं लग्न करायची चाल होती, म्हणून घरचे मागे लागलेत. आणि पावसाळ्यात गोदीवर एक नवा पोऱ्या आलाय, कुठून आला ते सांगत नाही...

दहावी_आणि_डोकेदुखी

ओएमजी तो नवराच असणार!!! प्लीज पहिल्या शंभर पानांत सांगू नका.

मी पंधराची आहे म्हणून बोलते, आम्हाला हिरॉईनला वाचवायला कोणी आलेलं नको असतं, तिला काहीतरी येत असलं पाहिजे, पोहणं किंवा वारा ओळखणं. लव्हस्टोरी स्लो ठेवा, शेवटपर्यंत हातसुद्धा धरला नाही तरी चालेल पण आम्हाला कळलं पाहिजे. आणि दर चार पानांनी महाराजांच्या आठवणीने ऊर भरून येणं नको, ते शाळेत होतं.

शनिवार_वाचनवर्ग

मी मुलांचा मराठी वाचनाचा वर्ग घेते, रावपुऱ्यात, आठ-दहा मुलं. आपल्याकडची मुलं हिंदीमुळे देवनागरी धडाधड वाचतात पण एका वाक्यात "सरखेल, सरनोबत, सुभेदार" आले की डोळे पाटीसारखे कोरे होतात. शेवटी शब्दार्थ दिले तर ते पान कोणी उघडत नाही, करून बघितलंय. एकदा "मतलई" शब्द अडला, मी म्हटलं रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो वारा, सगळे माना डोलावून मोकळे. पुढच्या वेळी गोष्टीतच घातलं की पोऱ्या पहाटे उठला, पाठीला गार लागलं, म्हणाला मतलई सुटली, आता शीड भरेल. परत कोणी विचारलं नाही.

आणि मावशी, समुद्र बघायला दमणची आठवण पुरणार नाही. जंबुसरकडून कावी-कंबोईला जा, महीच्या मुखाशी, वडोदऱ्याहून दोनेक तास. तिथलं स्तंभेश्वराचं देऊळ भरतीत बुडतं. ओहोटीला आपण पिंडीपाशी उभे असतो, मग चिखलावर आधी एक चकाकती रेघ दिसते आणि बघता बघता ती पायऱ्यांवर येते. खंभातच्या आखातातली भरती देशातल्या सगळ्यात उंच भरत्यांपैकी. कोकणातली एवढी नसते हे मात्र लिहिताना लक्षात ठेवा.

रिटायर्ड_दर्यावर्दी

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास जा, उधाण असतं. अष्टमीला जाल तर भांगाचं पाणी, म्हणजे भरती बेताचीच, मजा येणार नाही.

दांडियाबाजारची_मावशी

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, तिन्ही प्रकरणं फाडली. नाही, फाडली नाहीत, खणात ठेवली. पण बुरुज गेला, चाक गेलं, कारकून गेला.

काल रात्री भाचीला नुसतं तोंडी सांगितलं, गोदी, पाऊस, आठव्या वर्षीचं लग्न, न परतलेला नवरा. मोबाईल उशीखाली होता, काढला नाही. बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणे, "पण मावशी, तिने त्याला आठव्या वर्षी बघितला, तो आता सतराचा, ओळखणार कशी? काहीतरी खूण पाहिजे ने, भाजल्याची वगैरे?" मी म्हटलं तूच सांग. तर सकाळी दुधाच्या पिशवीमागे चिठ्ठी, सात खुणा लिहिल्यात, त्यातल्या चार मला सुचल्या नसत्या.

अमावस्येला रविवार येतोय, कंबोईला दोघी जातोय. जाताना शेव-उसळ कुठे चांगली मिळेल तेवढं सांगा कोणीतरी.