कारखान्यांचा ठावठिकाणा न सांगणाऱ्या ब्रँडचे कपडे घ्यावेत का?

उभाधागा:
२३ एप्रिल २०१३ला ढाक्याजवळच्या राणा प्लाझाच्या भिंतींना तडे गेले. खालच्या बँकेनं आपली माणसं घरी पाठवली. वरच्या शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी मशीनवर बोलावलं. इमारत कोसळली, १,१३४ जीव गेले. माल कुणाचा होता हे शोधायला लोकांना ढिगाऱ्यातून लेबलं वेचावी लागली. आपला कपडा कुठल्या कारखान्यात शिवला जातो हे जो ब्रँड जाहीर करत नाही, त्याचा कपडा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काजबटण:
पूर्ण असहमत. बहिष्काराचा पहिला फटका मशीनवरच्या बाईलाच बसतो. १९९३च्या सुमारास बालमजुरांनी बनवलेल्या मालावर बंदी आणणारं विधेयक अमेरिकेत आलं. ते मंजूरही झालं नाही, पण नुसत्या धास्तीनं बांगलादेशी कारखान्यांनी हजारो मुलं काढून टाकली. त्यातली बरीचशी शाळेत गेली नाहीत, खडी फोडायला गेली. युनिसेफनंच हे १९९७च्या अहवालात मांडलं आहे.

उभाधागा:
हा धडा मान्य. पण ती सरसकट देशाच्या मालावरची धास्ती होती. मी कारखान्यांचे पत्ते मागतोय, देश नाकारत नाही.

ओव्हरलॉक:
पत्ता मिळाला तरी आत काय चालतं ते कळत नाही. शिलाईच्या लाइनवर प्रत्येक क्रियेला मिनिटं ठरलेली असतात. बाही जोडायला अर्धं मिनिट धरलं, तर तासाला १२० नगांचं टार्गेट. दोरा तुटला, सुई बदलली, मागून कटिंगचा गठ्ठा उशिरा आला, तर तो वेळ बऱ्याच ठिकाणी धरतच नाहीत. राहिलेले नग सुट्टीनंतर पूर्ण करायचे, बिनपगारी. त्यात ब्रँडनं ऐनवेळी रंग बदलला आणि माल पाठवायची तारीख तीच ठेवली, की मालक काम बाहेरच्या छोट्या शेडला देतो. जाहीर यादीत त्या शेडचं नाव कधीच नसतं.

सुतीमन:
मग प्रमाणपत्र असलेला, थोडा महाग कपडा घ्यावा. निदान कुणीतरी तपासलेलं तरी असतं.

ओव्हरलॉक:
किमतीवर जाऊ नका, एकाच लाइनवर स्वस्त आणि महाग दोन्ही लेबलं लागतात. आणि प्रमाणपत्राचं म्हणाल, तर कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्याच्या कारखान्याला एसए८००० हे कामाच्या परिस्थितीचं प्रमाणपत्र मिळून काही आठवडेच झाले होते, तेवढ्यात ११ सप्टेंबर २०१२ला आग लागली. अडीचशेहून अधिक माणसं गेली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. ऑडिटवाला ठरवून येतो, त्याला हजेरीची दुसरी वही दाखवली जाते. खरं ऐकायचं तर कामगाराला कारखान्याबाहेर, सुपरवायझर नसताना विचारावं लागतं.

काजबटण:
म्हणूनच मी म्हणतो, खरेदीवर सगळा जोर लावू नका. फरक पडला तो मे २०१३च्या अकॉर्डनं. बांगलादेशातल्या कारखान्यांच्या सुरक्षेसाठी ब्रँड आणि युनियन यांच्यात झालेला तो कायद्यानं बांधील करार होता: स्वतंत्र इंजिनीअर तपासणार, अहवाल जाहीर होणार, दुरुस्तीचा पैसा उभा राहील हे ब्रँडनं पाहायचं. एका ब्रँडनं टाळाटाळ केली म्हणून युनियन हेगच्या लवादात गेल्या आणि २०१८मध्ये त्याला २३ लाख डॉलर द्यायचं मान्य करावं लागलं. कुठल्याही बहिष्कारानं हे झालं नसतं.

उभाधागा:
पण त्या ब्रँडनी सही केली ती राणा प्लाझानंतर, गिऱ्हाईक खवळलेलं होतं तेव्हाच. ती भीती काढून घ्या, पुढच्या करारावर कोण सही करेल? पत्ते न देणाऱ्याचा कपडा मी घेणार नाही, आणि का घेतला नाही ते त्याला लिहून कळवणार.

काजबटण:
कळवाच, पण पत्त्यांपाशी थांबू नका. अकॉर्डच्या जागी आता असलेल्या इंटरनॅशनल अकॉर्डवर सही आहे का, आणि ऑर्डर बदलली तर तारीख पुढे ढकलता का, हेही विचारा. तारीख ढकलली नाही तर काम पुन्हा त्याच शेडमध्ये जातं, तुम्ही कपडा घ्या नाहीतर नका घेऊ.