डेव्ह गॅलहर: सक्तीने नव्हे, स्वतःहून

एकाने लिहिलंय की न्यूझीलंडचा रग्बीपटू डेव्ह गॅलहरला सक्तीने पहिल्या महायुद्धावर पाठवलं. तसं नाही हो. वयामुळे त्याला सूट होती, तरी 1916 मध्ये तो आपणहून भरती झाला. दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्धही तो आधीच लढून आला होता.

1905 च्या ब्रिटन दौऱ्यावरच्या न्यूझीलंड रग्बी संघाचा हा कर्णधार. नडग्यांना पॅड बांधून विंग-फॉरवर्ड, म्हणजे झटापटीच्या कडेला राहून समोरच्यांना अडवणाऱ्या जागेवर, खेळायचा. त्या जागेवरून इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला फार झोडपलं, आणि मला ते अन्यायाचंच वाटतं. त्या दौऱ्यात संघ हरला तो फक्त वेल्सकडून, 0-3.

4 ऑक्टोबर 1917 ला पाशेंडेलच्या लढाईत तो मारला गेला. बेल्जियममधल्या त्याच्या थडग्यावर नेच्याचं पान, म्हणजे न्यूझीलंडचं चिन्ह, कोरलंय, वय मात्र 41 लिहिलंय. खरं तर तो 43 वर्षांचा होता.