मदत हवी आहे: खुंटांना आलेल्या फुटव्यांचा कार्बन कसा मोजायचा?

आमच्या गटाने १८ हेक्टर पडीक जमिनीवर देशी जंगल परत आणायला घेतलं आहे. लागवड थोडीच केली. चराई आणि वणवा थांबवल्यावर जुने खुंट स्वतःच इतके फुटले की रोपांपेक्षा तेच जोमात आहेत. कार्बन क्रेडिटसाठी व्हेरा (क्रेडिटचे निकष ठरवणारी संस्था) हिच्या व्हीएम००४७ या वनीकरणाच्या पद्धतीने, क्षेत्राधारित मार्गाने, म्हणजे एकेक झाड न मोजता नमुना-चौकांवरून, जायचं आहे. मालकी हक्क स्पष्ट आहे आणि गेल्या १० वर्षांत इथली नैसर्गिक झाडी कुणी साफ केलेली नाही, त्यामुळे तो अडथळा नाही.

अडलंय मोजणीवर. कायमचे नमुना-चौक आखले, १.३ मीटर उंचीवर घेर घेतला. पण एकेका खुंटाला चार-पाच फुटवे, प्रत्येकी जेमतेम ३ सेंमी व्यासाचे. खोडाचा व्यास, उंची आणि लाकडाची घनता यांवरून झाडाचं जमिनीवरचं वाळलेलं वजन काढणारं शाव्ह व सहकाऱ्यांचं २०१४ चं समीकरण ५ सेंमी आणि त्यावरच्या खोडांवर बेतलेलं आहे. फुटव्यांच्या व्यासांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं, तर तीन फुटव्यांचा मिळून व्यास ५.२ येतो आणि खुंट मर्यादेत बसतो. हे मला पटत नाही. बारीक फुटव्याची उंची आणि लाकडाची घनता एकसंध खोडासारखी नसते. शिवाय खुंटाखालची जुनी मुळं आमच्या कामाआधीचीच आहेत, त्यांचं श्रेय घेणं मला चुकीचं वाटतं.

फुटवे कापून, वाळवून, तोलून स्वतःचं समीकरण बसवता येईल, पण जगवलेलं कापायला हात धजत नाही.

ज्यांनी अशा जंगलाची पडताळणी करून घेतली आहे त्यांनी सांगावं: एकत्रित व्यास तपासनीस मान्य करतात का? नसेल, तर दर प्रजातीमागे कमीत कमी किती फुटवे कापावे लागतात? आणि मूळ-खोड गुणोत्तर (जमिनीवरच्या वजनावरून मुळांचं वजन काढायचं प्रमाण) लावताना जुनी मुळं कशी वगळलीत?