एच-१बी आणि पर्यटक व्हिसा दोन्ही असताना अमेरिकेत कोणत्या व्हिसावर परत यावे?

प्रति : मंडळाचे सर्व सभासद
विषय : पतीचे स्टॅम्पिंग लांबले, जुना बी१/बी२ व्हिसा चालेल का?

सप्रेम नमस्कार,

माझे पती नोव्हेंबरअखेरीस धाकट्या दिरांच्या लग्नासाठी पुण्याला गेले. त्यांच्या पासपोर्टवरील एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची मुदत संपली असल्यामुळे लग्न उरकून डिसेंबरात मुंबईला नव्या व्हिसाच्या शिक्क्यासाठी (स्टॅम्पिंगसाठी) मुलाखत द्यायची आणि नाताळाच्या सुटीत परतायचे, असे ठरले होते. मुलाखतीची तारीख ऐनवेळी काही महिने पुढे ढकलल्याचा निरोप ईमेलने आला. कंपनीने त्यांच्यासाठी केलेला अर्ज, म्हणजे पिटिशन, मंजूर आहे, मंजुरीचे पत्र (आय-७९७) हाताशी आहे आणि नोकरीही चालू आहे. फक्त शिक्का नाही.

त्यांच्या जुन्या पासपोर्टात दहा वर्षांचा बी१/बी२, म्हणजे पर्यटन व व्यावसायिक भेटींसाठीचा, व्हिसा आहे. पूर्वीच्या कंपनीच्या कामासाठी येत असत तेव्हाचा तो असून त्याची मुदत अजून बरीच शिल्लक आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे आणि तिकिटे काढून देणाऱ्या गृहस्थांचेही म्हणणे असे की, त्या व्हिसावर यावे, घरी बसून लॅपटॉपवर काम करावे आणि तारीख आली की परत जाऊन शिक्का घ्यावा. थोरली मुलगी रोज बाबांची वाट पाहते, त्यामुळे हा सल्ला मलाही मोहात पाडतो. मी स्वतः एच-४, म्हणजे एच-१बी धारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर असून वर्क परमिटवर नोकरी करते. दोन व्हिसा एकाच वेळी वैध असू शकतात का, आणि पती पर्यटक म्हणून आले तर माझ्या स्टेटसचे काय होईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आपली,
एक सभासद

---

प्रति : मंडळाचे सर्व सभासद
विषय : उत्तर – पतीचे स्टॅम्पिंग लांबले; जुना बी१/बी२ व्हिसा चालेल का?

ताई,

आपली अडचण वाचून जीव कळवळला, आणि म्हणूनच उत्तर स्पष्ट देतो : यजमानांनी काम करण्याच्या हेतूने पर्यटक व्हिसावर येऊ नये. मी वकील नाही. परंतु मंडळाच्या मदत गटात इतकी वर्षे अशीच प्रकरणे पाहत आल्यामुळे, वकिलांकडे जाण्यापूर्वी काय समजून घ्यावे ते सविस्तर लिहितो.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. एच-१बी आणि बी१/बी२ हे दोन्ही व्हिसा एकाच व्यक्तीकडे एकाच वेळी वैध असू शकतात. जुन्या पासपोर्टची मुदत संपली तरी त्यातील व्हिसा रद्द होत नाही. नवा आणि जुना असे दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवून तो वापरता येतो. एच-१बीचा शिक्का देताना अधिकारी कधी कधी जुना पर्यटक व्हिसा रद्द करून त्यावर तसा शेरा मारतात, पण ते प्रत्येक वेळी होतेच असे नाही. आपल्या मंडळातील कित्येकांच्या पासपोर्टांत असे दोन व्हिसा आहेत, आणि त्यात बेकायदेशीर काहीही नाही.

घोळ होतो तो पुढच्या टप्प्यावर. व्हिसा हा विमानतळावर येऊन प्रवेश मागण्यापुरता कागद आहे. येथे राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क ठरतो तो इमिग्रेशन अधिकारी प्रवेश देताना ज्या वर्गाची नोंद करतो त्यावरून, आणि ती नोंद आय-९४ या प्रवेशपत्रकात असते. व्हिसा दोन असले तरी प्रवेश एकाच वर्गात मिळतो. यजमान बी१/बी२ दाखवून आत आले तर त्यांच्या आय-९४ वर बी-२ असे येईल आणि सहसा सहा महिन्यांची तारीख पडेल. मंजूर झालेले एच-१बी पिटिशन कपाटात असल्याने त्या नोंदीत काडीचाही फरक पडणार नाही. बी-२ वर असताना येथील कंपनीचे पगारी काम करणे म्हणजे विनापरवाना नोकरी, मग ते कार्यालयात बसून केलेले असो की घरच्या जेवणाच्या टेबलावर.

शिवाय खिडकीपाशी पहिलाच प्रश्न येतो तो येण्याच्या कारणाचा. ‘कुटुंबाला भेटायला आलो’ असे सांगितले, आणि बॅगेत कंपनीचा लॅपटॉप, फोनमध्ये सोमवारच्या बैठकीचे निमंत्रण व येथील घराच्या हप्त्याचे संदेश निघाले, तर अधिकाऱ्याला काय वाटेल याचा विचार करावा. पर्यटक व्हिसाची मूळ अट अशी की, माणसाचे कायमचे घर अमेरिकेबाहेर असले पाहिजे. ज्याचे बिऱ्हाड, पत्नी, मुलांची शाळा आणि नोकरी सारे काही येथेच आहे, त्याला ही अट पटवून देणे फार अवघड जाते. विमानतळावरूनच तातडीच्या निष्कासनाचा आदेश निघाला, तर पाच वर्षे प्रवेशबंदी लागते. आणि महत्त्वाची बाब खोटी सांगून प्रवेश मिळवला असे नोंदले गेले, तर ती बंदी जन्मभराची असते. ‘कोणाला कळणार आहे?’ असे म्हणणाऱ्या आप्तांना हे शांतपणे समजावून सांगावे. ते मायेपोटीच बोलत असतात, पण परिणाम त्यांना भोगावे लागणार नाहीत.

आता आपल्या एच-४ विषयी. आपले स्टेटस आणि त्यावर मिळालेला वर्क परमिट हे दोन्ही यजमानांच्या एच-१बीच्या आधारावर उभे आहेत. ते नोकरीत राहून काही काळ भारतात अडकले आहेत, एवढ्यावरून आपला आधार जात नाही. परंतु ते अमेरिकेतच पर्यटक म्हणून राहू लागले, तर एच-१बी धारक येथे कोण आहे, हा प्रश्न उभा राहतो, आणि मग आपल्या नोकरीवरही त्याची सावली पडते. एकाच्या प्रवेशाने दोघांचे स्टेटस पणाला लावण्यात शहाणपण नाही, असे माझे ठाम मत आहे.

हा खोळंबा यजमानांच्या एकट्याच्या नशिबी आलेला नाही. २ सप्टेंबर २०२५ पासून ज्याला आपण ड्रॉपबॉक्स म्हणतो ती मुलाखतीतून मिळणारी सूट बहुतेकांसाठी बंद झाली, आणि १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी व एच-४ च्या सर्व अर्जदारांची समाजमाध्यमांवरील खाती तपासण्याचा नियम लागू झाला. त्या सुमारास भारतातील अनेकांच्या तारखा पुढे गेल्या. यजमानांनी आपली खाती सार्वजनिक करून ठेवावीत आणि त्यांतील नोकरीचा तपशील अर्जातील तपशिलाशी जुळतो की नाही, हे आताच पाहून घ्यावे.

या काळात सर्वांत जास्त जपायची ती नोकरी. १९ सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेनुसार देशाबाहेर असलेल्या आणि वैध एच-१बी व्हिसा हाती नसलेल्या व्यक्तीसाठी २१ सप्टेंबरपासून नवे पिटिशन दाखल करायचे, तर कंपनीला एक लाख डॉलर भरावे लागतात. त्याआधी दाखल झालेल्या पिटिशनला हे शुल्क नाही. म्हणजे यजमानांचे सध्याचे पिटिशन फार मोलाचे आहे. भारतात असताना ही नोकरी गेली, तर दुसरी कंपनी सहजासहजी पुढे येणार नाही. पुण्यात बसून काम करण्यास अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याची आडकाठी नसते. मात्र कंपनीची लेखी परवानगी हवी, आणि मुक्काम लांबल्यास भारतातील आयकराबाबत सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा. देशाबाहेर काढलेले दिवस एच-१बीच्या सहा वर्षांत मोजले जात नाहीत, ते पुढे मागून घेता येतात. यासाठी बोर्डिंग पास जपून ठेवावेत.

मुलांना भेटण्यासाठी खरोखरच छोटी भेट, बिनपगारी रजा घेऊन आणि कोणतेही काम न करता, बी-२ वर करता येईल का, असे आपण विचाराल. कायद्याने तो मार्ग पूर्णपणे बंद केलेला नाही. तरीही वर सांगितलेली अडचण तेथेही आहेच, तेव्हा कंपनीच्या वकिलांनी लेखी होकार दिल्याशिवाय तिकीट काढू नये. त्यापेक्षा मुलांच्या सुटीत आजीनेच येथे यावे, हे मला अधिक बरे वाटते. पर्यटक व्हिसा अशाच भेटींसाठी असतो.

आपला,
मदत गटातील एक सभासद

---

प्रति : मंडळाचे सर्व सभासद
विषय : पुरवणी – पतीचे स्टॅम्पिंग लांबले, जुना बी१/बी२ व्हिसा चालेल का?

नमस्कार,

वरील उत्तराला एक जोड देते. ऑक्टोबर २०२० मध्ये ग्रीन कार्डाच्या रांगेतील तारखा पुढे सरकल्या तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ग्रीन कार्डासाठी आय-४८५ हा अर्ज दाखल केला. ज्यांचा तो अर्ज प्रलंबित आहे आणि ज्यांच्याकडे देश सोडण्यापूर्वी मिळालेला, मुदतीत असलेला ॲडव्हान्स परोल (परत येण्याची आगाऊ परवानगी) आहे, त्यांना शिक्का नसतानाही त्या कागदावर परत येता येते. उलट ॲडव्हान्स परोल न घेता गेलेला अर्जदार एच-१बी ऐवजी पर्यटक म्हणून परतला, तर तो अर्ज सोडून दिला असे धरले जाते, आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षा त्या एका प्रवेशाने वाया जाते. ताईंनी यजमानांची कागदपत्रे पुन्हा एकदा काढून असा कागद आहे का ते पाहावे; पूर्वी पुष्कळदा तो वर्क परमिटच्या कार्डावरच छापलेला असे आणि लक्षात येत नसे.

आपली,
एक सभासद

---

प्रति : मंडळाचे सर्व सभासद
विषय : आभार

सप्रेम नमस्कार,

दोन्ही उत्तरे पुण्याला पाठवली. आमचा आय-४८५ अद्याप दाखल झालेला नाही, त्यामुळे परोलचा मार्ग नाही. कंपनीने तारखेपर्यंत पुण्यातून काम करण्याची लेखी परवानगी दिली आहे आणि पर्यटक व्हिसावर येण्याचा विचार आम्ही सोडून दिला आहे. सासूबाईंचा पर्यटक व्हिसा वैध आहे. त्या पुढील महिन्यात येतील. तोवर सकाळी मुलांना शाळेत सोडण्यासाठी आमच्या बाजूला राहणारे कोणी सभासद असतील, तर त्यांनी कृपया मला वेगळ्या ईमेलवर कळवावे.

आपली,
एक सभासद