मुलांना शिल्पे दाखवण्यासाठी सोलापूरहून एका दिवसात कोठे जावे?

प्रश्न
मी सोलापुरातील एका शाळेत चित्रकला शिकवते. आठवीच्या मुलांना छायाचित्रांवरून नव्हे, तर प्रत्यक्ष शिल्पांसमोर बसवून रेखाटने करायला लावावीत, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाचे सिद्धगिरी संग्रहालय मनात आहे. सकाळी निघून रात्री परतणे जमेल का?

प्रतिसाद १
बारा बलुतेदारांसह जुना गावगाडा माणसाच्या उंचीच्या पुतळ्यांतून उघड्यावर उभा केलेला असल्याने मुले कणेरीत रमतात. मात्र जाण्यायेण्यातच आठ-नऊ तास मोडतील. मुक्काम करणार असाल तरच जावे.

प्रतिसाद २
त्यापेक्षा आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग कुडलला जावे, असे मी आग्रहाने सुचवेन. तेथे भीमा आणि सीना यांचा संगम असून काठावर संगमेश्वर व हरिहरेश्वर ही दोन प्राचीन मंदिरे आहेत. हरिहरेश्वराचे मंदिर मातीखाली गाडले गेले होते, ते उत्खननात मोकळे झाले आणि तेथेच ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग सापडले. प्रत्येक मुलाला त्यातील एकच मुख निवडून तासभर त्याच्याकडे पाहायला सांगा. डोळा आणि हात दोन्ही तयार होतील. स्वर्गमंडपाचे छत मध्यभागी उघडे असल्याने खांबांवरची सावली हळूहळू सरकताना दिसते, आणि छायाप्रकाश शिकवायला याहून चांगली जागा मला तरी ठाऊक नाही.

प्रतिसाद ३
संगमेश्वराच्या सभामंडपातील तुळई चुकवू नका. तिच्यावर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ मधील लेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातील ‘वाछि तो विजेया होइवा’, म्हणजे जो हे वाचील तो विजयी होईल, ही ओळ मुलांनी स्वतः शोधून वाचावी. अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांत खडू किंवा हळद भरू देऊ नका. बाजूने विजेरीचा तिरपा प्रकाश टाकला की पुरते.

प्रश्नकर्त्या
कुडलच ठरवते. पावसाळ्यात गेले तर चालेल का?

प्रतिसाद २
उजनीतून भीमेत विसर्ग सुरू असेल तर मुलांना संगमावर नेऊ नये. दिवाळीनंतर जावे, सकाळी आठपर्यंत पोहोचावे आणि पिण्याचे पाणी सोबत न्यावे.